लाल फुलांचा घेवडा : विलायतेतल्या परसात रनर बीन

जाईजुई, २६ एप्रिल

मागच्या महिन्यात भाजीपाल्याच्या गप्पांत मी रनर बीनचा विषय काढला आणि तिघाचौघांनी सविस्तर लिहायला सांगितलं. पेरणीचे दिवस आलेच आहेत, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मी लेस्टरला राहते. घरामागे दहा-बारा मीटरचं परस आहे. माती चिकण, पावसात पायाला चिकटणारी आणि उन्हात विटेसारखी होणारी. त्यात गेली आठ वर्षं मी ही वेल लावते आहे. पण सुरुवात तिच्यापासून झाली नव्हती. माझं माहेर रोह्याकडचं, त्यामुळे स्वतःचं परस मिळाल्यावर पहिली आठवण झाली ती वालाची. बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातून कडवे वाल आणले, भिजवून पेरले. काय उगवले म्हणून सांगू! जुलैपर्यंत कुंपण दिसेनासं झालं. फूल मात्र एक नाही. सप्टेंबर संपताना कळ्या दिसल्या, ऑक्टोबरात दोन तुरे उमलले आणि पहिल्याच गोठणाऱ्या रात्री सगळी वेल काळी पडली. त्या सकाळी मी बराच वेळ खिडकीशी उभी होते.

खत कमी पडलं, जागा चुकली, पाणी चुकलं, असं बरंच मनात आलं. कारण वेगळंच होतं. आपल्याकडच्या जुन्या जातीच्या वालाला फुलावर यायला लांब रात्र लागते. जूनमध्ये इथे दिवस जवळपास पावणेसतरा तासांचा असतो, मुंबईला तो साधारण सव्वातेरा तासांचा. म्हणजे वेल सगळा उन्हाळा नुसती वाट बघत पानं काढत होती.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या आजींनी कुंपणावरून मूठभर बिया दिल्या. जांभळ्या रंगावर काळे शिंतोडे, प्रत्येक बी अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी. ती स्कार्लेट एम्परर, रनर बीनची एक जात. तेव्हापासून माझ्या परसात एकही उन्हाळा तिच्याशिवाय गेला नाही.

रनर बीन मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांतली, उंचावरच्या गार हवेत वाढणारी. विलायतेत ती सतराव्या शतकात आली तेव्हा तिचं कौतुक लाल फुलांसाठी होतं. शेंगा खायची रीत मागाहून पडली. श्रावणघेवड्याची, म्हणजे आपल्या फरसबीची, ही चुलत बहीण. पण शेंग लांब, चपटी, हाताला खरखरीत लागणारी आणि चवीला जास्त गडद. वालपापडीच्या जवळ जाणारी चव मला फरसबीपेक्षा हिच्यातच सापडते.

आता लावणीबद्दल. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मी हिवाळाभर साठवते. एप्रिलच्या शेवटी त्या ट्रेमध्ये उभ्या करायच्या, मातीने भरायच्या आणि एका नळीत एकच बी पाच सेंटीमीटर खोल घालायचं. मुळं सरळ खाली जातात आणि लावताना नळीसकट जमिनीत जातात, म्हणून रोप दुखावत नाही. घरातल्या खिडकीशी आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. फरसबी उगवताना आपली दोन्ही दलं, म्हणजे बीचे दोन अर्धे, मानेवर घेऊन वर येते, रनरची दलं मातीतच राहतात. त्यामुळे गोगलगाईने कोंब खाल्ला तरी लगेच उपटू नका. खालून दुसरा फुटवा येऊ शकतो, माझ्याकडे आलेला आहे.

जमिनीत थेट पेरायचं तर माती किमान बारा अंशांपर्यंत तापू द्या. थंड, ओल्या मातीत बी कुजतं. आमच्याकडे हे दिवस मेच्या मध्यानंतर येतात.

जागेची तयारी मात्र नोव्हेंबरातच करून ठेवते. फावड्याच्या पात्याइतका खोल चर खणायचा आणि त्यात भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, फाडलेली वर्तमानपत्रं टाकून वर माती ओढायची. वसंतापर्यंत ते सगळं खाली बसतं आणि उन्हाळ्यात ओल धरून ठेवतं. या वेलीचं खरं दुखणं एकच, तहान. त्याबद्दल फुलं आली की लिहीन.

रेवदंडा, २६ एप्रिल

जाईजुईताई, रोह्याचं नाव वाचून राहवलं नाही. आमच्याकडे भात कापलं की त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. पाणी नाही, खत नाही. रात्री मोठ्या होत जातात, दहिवर पडतं, आणि पौष-माघात शेंगा भरतात. मग पोपटी! मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला, मडकं उलटं करून भोवती जाळ. तुम्ही सांगितलेलं रात्रीचं कारण मला ठाऊक नव्हतं. आमचे आजोबा एवढंच म्हणायचे की वाल भाताच्या आधी टाकला तर नुसता माजतो. गोष्ट तीच झाली.

उत्तरेकडची, २७ एप्रिल

मी एडिंबराजवळ असते. जाईजुईच्या तारखांत आमच्याकडे दोन आठवडे सहज वाढवायचे. मी मेच्या पहिल्या आठवड्यात घरात पेरते आणि जूनच्या पहिल्या आठवड्याआधी रोप जमिनीत लावत नाही. मध्ये आठ-दहा दिवस दिवसा बाहेर, संध्याकाळी आत, अशी सवय लावावीच लागते. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही, थेट वाऱ्यात लावली. पानं पांढुरकी पडून झडली. वेल पुढे सावरली पण तीन आठवडे वाया गेले, आणि इथे उन्हाळाच केवढासा असतो.

सिंहगडरोड, २७ एप्रिल

पुण्यात ही वेल येईल का? माझा भाऊ लीड्सला आहे, तो जूनमध्ये येणार आहे. त्याला बी आणायला सांगू का?

जाईजुई, २७ एप्रिल

बी सामानात टाकून आणू नका. भारतात पेरणीचं बी आणायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. इकडे येतानाही असा दाखला मागतात. हा नियम मला पटतो. घेवड्याच्या बियांतून भुंगेरेही प्रवास करतात आणि करप्यासारखे रोगही, आणि एका मुठीमुळे कोणाच्या तरी शेताचं नुकसान होऊ शकतं. तिकडेच मिळालं तर बघा.

माळीनाना, २८ एप्रिल

सिंहगडरोड, मी कोथरूडला गच्चीवर दोनदा करून पाहिलं आहे. बी आपल्याच देशातल्या एका रोपवाटिकेतून मागवलं होतं. पहिल्यांदा जूनमध्ये पेरलं. वेल उत्तम वाढली, फुलं लालभडक, शेजारी फोटो काढायला यायचे. पण शेंग धरली नाही, सगळी फूलगळ. दुसऱ्यांदा ऑक्टोबरच्या मध्यावर पेरलं, म्हणजे फुलं डिसेंबरच्या गारठ्यात आली. तेव्हा मोठे काळे भुंगे फुलांवर यायला लागले आणि शेंगा लागल्या. भाजी एका वेळची झाली. दिवसाचं ऊन तिशीच्या आसपास असतंच, त्यामुळे यापेक्षा फार अपेक्षा ठेवू नये. महाबळेश्वर-पाचगणीकडे, साडेतेराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर, जास्त बरं जमेल असं वाटतं. पुण्यात गच्चीवर लावायचं तर वालपापडी, चवळी, चौधारी यांच्यासारखं समाधान नाही. रनर लावा ती फुलांसाठी.

कोरेगावकर, २८ एप्रिल

घेवड्याचा विषय निघालाय तर आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. दाण्यावर तांबडे पट्टे असतात म्हणून वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तो फरसबीच्या कुळातला, रनर नाही, पण मातीची आणि हवेची नाळ तशीच. जाईजुईताईंचे आठ वर्षांचे अनुभव वाचायला आवडतील.

मिडलँड्सचा_बाळू, ३० मे

धागा वर काढतो. मी कोव्हेंट्रीला आहे, पहिल्याच वर्षी प्रयत्न करतोय. रोपं जमिनीत लावून दहा दिवस झाले. नवीन पानं विचित्र येताहेत. कडा वर वळलेल्या, पान नेच्यासारखं चिंबलेलं, देठ पिळवटलेला. किडे दिसत नाहीत. पाणी वेळेवर देतो. लावायच्या आधी घोड्याच्या तबेल्यातलं चार पोती खत घातलं होतं. टोमॅटोची रोपंही तशीच दिसताहेत.

जाईजुई, ३० मे

बाळू, टोमॅटो आणि घेवडा दोन्ही एकाच तऱ्हेने वळले असतील तर संशय खतावरच जातो. कुरणातलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड नावाचं औषध वापरतात. गवताला त्याचा त्रास होत नाही. ते गवत वाळून चारा होतो, घोडा खातो, औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं लिदीत उतरतं आणि खत कुजलं तरी लवकर नाहीसं होत नाही. घेवडा, वाटाणा, टोमॅटो, बटाटा यांना ते अगदी थोडंसंही सोसत नाही. २००८ च्या उन्हाळ्यात इथल्या कितीतरी परसबागांत असंच झालं होतं आणि त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली होती.

यातल्या शेंगा खाऊ नका. वेली काढून टाका, पण त्या कंपोस्टच्या ढिगात घालू नका. ते खत पुरलेल्या जागेत माती खालीवर करत राहा, जिवाणूंनीच ते मोडतं. पुढच्या वर्षी तिथे मका लावा. आणि उरलेल्या पोत्याची परीक्षा घ्या. दोन कुंड्या घ्यायच्या, एकीत साधी माती, दुसरीत अर्धी माती अर्धं खत, दोन्हींत घेवड्याच्या तीन-तीन बिया. तीन-चार आठवड्यांत उत्तर मिळतं. मी कुठलंही बाहेरचं शेणखत या परीक्षेशिवाय परसात घेत नाही.

दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात अजून पेरता येईल. जूनच्या मध्यापर्यंत पेरलेली रनर सप्टेंबरात शेंगा देते. बी संपलं असेल तर माझ्याकडचं पाठवते, आपण एकाच देशात आहोत.

मिडलँड्सचा_बाळू, ३१ मे

ताई, खत देणाऱ्यांना विचारलं. चारा बाहेरून विकत आणतात, त्यावर काय फवारलं होतं ते त्यांना माहीत नाही. फार वाईट वाटलं, मुलीने स्वतःच्या हाताने रोपं लावली होती. बी पाठवाल का? पत्ता वेगळा कळवतो.

जाईजुई, १ जून

आजच पाकीट टपालात टाकलं. वीस बिया आहेत. मुलीला सांगा, काळे शिंतोडे प्रत्येक बीवर वेगळे असतात, दोन बिया सारख्या सापडतात का ते शोध.

उत्तरेकडची, ४ जून

मांडव कसा करता तुम्ही? माझ्या काठ्या मागच्या ऑगस्टच्या वाऱ्यात आडव्या झाल्या.

जाईजुई, ४ जून

माझ्याही झाल्या होत्या, म्हणून दोन्ही पद्धती सांगते. पहिली कातर-काठ्यांची. आठ फुटी बांबूंच्या दोन समोरासमोरच्या ओळी, मध्ये दोन फूट अंतर, शेंडे एकमेकांत अडकवून त्यावर एक आडवा बांबू, म्हणजे घराच्या आढ्यासारखा, आणि सुतळीने घट्ट आवळायचं. दोन काठ्यांत पंधरा ते वीस सेंटीमीटर. शेंगा खूप येतात पण भरलेला मांडव शिडासारखा वारा पकडतो. ही ओळ वाऱ्याच्या दिशेला समांतर ठेवा, आडवी नको, आणि दोन्ही टोकांना तिरपा टेकू द्या.

दुसरी पद्धत खोपटाची. आठ काठ्या गोलात रोवून शेंडे एकत्र बांधायचे. वारा भोवतीने निघून जातो. तुमच्याकडे मी हीच करीन. एका काठीला एक रोप पुरतं, दोन लावण्याचा मोह होतो पण आत हवा खेळत नाही.

वेल काठीवर चढवताना तिची स्वतःची दिशा बघा आणि त्याच अंगाने हलकेच एक वेढा द्या. उलट गुंडाळली तर रात्रीत सुटते. शेंडा काठीच्या टोकाला पोचला की खुडायचा, म्हणजे बाजूचे फुटवे जोर धरतात.

कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येईल. तो मी बोटांनी चिरडून पाण्याच्या फवाऱ्याने धुते, दोन-तीन दिवस लागोपाठ. त्यानंतर लेडीबर्ड या ठिपकेदार किड्याच्या अळ्या येतात आणि उरलेलं काम करतात. त्या अळ्या काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, दिसायला भीतिदायक असतात. त्यांना मारू नका.

सॅनमटेओ_सुलभा, १९ जून

मी कॅलिफोर्नियात, समुद्राकडून धुकं येतं अशा भागात. इथे फ्रॉस्ट जवळजवळ नाही, त्यामुळे माझी वेल चौथ्या वर्षात आहे. हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, जमिनीत रताळ्यासारखी जाड मुळं राहतात आणि मार्चमध्ये तिथूनच फुटवा येतो. ही मुळात बहुवर्षी आहे हे मला उपटायला गेले तेव्हा कळलं. फुलांवर हमिंगबर्ड येतात. त्यांच्या पंखांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येतो.

नवखी_ताई, ८ जुलै

फुलं भरभरून आली पण सगळी गळताहेत! खाली लाल सडा पडतो. माळीनानांसारखंच होणार का? मी रेडिंगजवळ आहे.

जाईजुई, ८ जुलै

नाही होणार, घाबरू नका. पहिली फुलं बऱ्याचदा गळतात. पण कारणं सांगते, कारण रनर लावणाऱ्याचं निम्मं काम इथेच आहे.

एक, पाणी. फुलोऱ्याच्या वेळी मूळ कोरडं पडलं की वेल सगळ्यात आधी फुलं टाकते. आठ काठ्यांच्या खोपटाला मी एक दिवसाआड दोन झाऱ्या, म्हणजे साधारण वीस लिटर पाणी देते, तेही संध्याकाळी, बुडाशी, आळ्यात मुरेपर्यंत. रोज थोडंथोडं शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटांतच राहतं. वर गवताचं किंवा कंपोस्टचं आच्छादन. फुलांवर पाणी मारा असं जुने बागवान सांगतात. मी दोन वर्षं एका खोपटावर मारून आणि दुसऱ्यावर न मारून पाहिलं, शेंगांत फरक दिसला नाही.

दोन, भुंगे. फरसबीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं. रनरच्या फुलाला भुंग्याचं वजन लागतं. तो खालच्या पाकळीवर बसला की आत गुंडाळलेला स्त्रीकेसर बाहेर येतो, त्याच्या अंगाला लागतो, मागच्या फुलाचे पराग घेतो. इथले केसाळ, गुबगुबीत भुंगे हे काम करतात. पण आखूड जिभेचे काही भुंगे फुलाच्या देठाशी भोक पाडून मध पितात आणि पुढच्या दाराने येतच नाहीत. नंतर मधमाश्याही त्याच भोकातून पितात. तुमची गळलेली फुलं उलटी करून बघा, बुडाशी भोक दिसेल. उपाय एकच, लांब जिभेच्या भुंग्यांना बोलावणं. मी खोपटाच्या पायाशी बोरेज आणि लॅव्हेंडर ही फुलझाडं लावते.

तीन, उकाडा. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, त्या आठवड्यात माझ्याकडची फुलं पुडीसारखी वाळून पडली. तेव्हा रात्रीही उकाडा उतरत नव्हता. पुढचे पंधरा दिवस एक शेंग नाही, आणि ऑगस्टच्या शेवटी हवा गार झाल्यावर वेल पुन्हा अशी लागली की ऑक्टोबरपर्यंत थांबली नाही. तेव्हापासून मी एका खोपटावर मूनलाइट लावते. ती रनर आणि फरसबी यांच्या संकरातून आलेली पांढऱ्या फुलांची जात, स्वतः फळणारी. चव स्कार्लेट एम्पररइतकी गडद नाही, पण वाईट उन्हाळ्यात घरात भाजी येते.

नवखी_ताई, ९ जुलै

भोक सापडलं! जवळजवळ प्रत्येक फुलाला. आणि मी झारीभर पाणी दहा काठ्यांना वाटत होते. आजपासून बदलते.

कामतांची_लेक, १० जुलै

विषय थोडा बाजूला नेते, पण जाईजुईच्या पहिल्या पोस्टपासून मनात आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, मडगावला. वालाला लांब रात्रच हवी असेल तर ती द्या ना! एका कुंडीत वाल लावा, वेल आखूड ठेवा. रोज संध्याकाळी सहाला वर काळं झाकण घाला, सकाळी आठला काढा. चौदा तासांचा पक्का अंधार, फट नको, मध्येच दिवा नको. पाच-सहा आठवडे न चुकता करावं लागेल. एखादा दिवस राहिला तरी फार बिघडत नाही, पण आठवडाभर राहिला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जाईजुई, १० जुलै

मडगावला नमस्कार. गेल्या आठ वर्षांत हे मला सुचलं नाही. कुंडीतला एक वाल आहे, मेमध्ये सवयीने पेरलेला, मांडीएवढा झालाय. शेडमध्ये जुनी प्लास्टिकची मोठी कचरापेटी आहे, काळी. आज संध्याकाळी सहाला सुरुवात करते.

रेवदंडा, १० जुलै

ताई, आम्ही सगळे बघतोय.

मिडलँड्सचा_बाळू, १७ ऑगस्ट

उशिरा पेरलेल्या वेली काठीच्या टोकाला पोचल्या, पहिल्या चार शेंगा लागल्या. कुंड्यांच्या परीक्षेत खताच्या कुंडीतली तिन्ही रोपं वळली, साध्या मातीतली सरळ. मुलीने दोन्हींची चित्रं काढून शाळेत नेली. शेंगा किती लांब होऊ द्यायच्या?

जाईजुई, १७ ऑगस्ट

वीतभर झाली की तोडा, पंधरा ते वीस सेंटीमीटर. शेंग मोडल्यावर टचकन आवाज यायला हवा आणि आतल्या दाण्यांचे उंचवटे बाहेरून दिसायला नकोत. दर दोन दिवसांनी वेलीवरून हात फिरवा, पानांमागे लपलेल्याही काढा. वेलीवर दाणे भरायला लागले की ती नवी फुलं धरणं कमी करते. गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांना तोडून न्यायला सांगा.

भाजी मी घेवड्यासारखीच करते. दोन्ही कडांचे दोर काढायचे, कोवळ्या शेंगांचेही, नाहीतर तोंडात राहतात. तिरपी, पातळ चिरायची. तेलात मोहरी, हिंग, हळद, थोडे ओवा-जिरे, शेंगा घालून झाकणावर पाणी. शिजत आल्या की गोडा मसाला, मीठ, गुळाचा खडा, वरून ओलं खोबरं. ओवा माझ्या आईच्या वालाच्या भाजीतला, इथे तो फार छान बसतो.

ग्राझमधून, २ सप्टेंबर

जून झालेल्या शेंगांचं काय करता? मी ऑस्ट्रियात शिकायला आहे. इथे श्टायरमार्क प्रांतात रनरच्या मोठ्या, जांभळ्या-काळ्या दाण्यांचं फार प्रस्थ. त्यांना केफरबोनं म्हणतात, उकडून, कांदा घालून, भोपळ्याच्या बियांच्या काळपट हिरव्या तेलात कोशिंबीर करतात. ग्रीसचे मोठे पांढरे गिगांतेसही रनरचेच दाणे असं एका ग्रीक मैत्रिणीने सांगितलं. इथे कोणी हिरवी शेंग खात नाही!

जाईजुई, २ सप्टेंबर

दाण्यांची उसळ उत्तम होते. पण कृपा करून हे नीट वाचा. या दाण्यात, राजम्यासारखंच, एक विषारी प्रथिन असतं. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले थोडे दाणेसुद्धा पोटात गेले तर काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात खळखळ उकळी येऊन अर्धा तास उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. आपला प्रेशर कुकर चालतो. मंद आचेवरचा विजेचा स्लो कुकर अजिबात नको, त्यात पुरेशी उष्णता होत नाही आणि दाणे मऊ लागले तरी विष राहतं. आमच्या ओळखीतल्या एका घरात तिघं आजारी पडली होती, म्हणून कळकळीने सांगते. मोड आणून कच्चे खाणंही नको.

माळीनाना, २ सप्टेंबर

हे फार मोलाचं. आपल्याकडे मोड आले म्हणजे पचायला हलकं असा सरसकट समज आहे.

उत्तरेकडची, ५ ऑक्टोबर

काल रात्री गोठलं. वेली गेल्या. उपटून टाकू का?

जाईजुई, ५ ऑक्टोबर

वरचा भाग कापा, मुळं जमिनीत राहू द्या. मुळांवरच्या गाठींतलं नत्र मुळं कुजतील तसं मातीला मिळतं. तिथे पुढच्या वसंतात कोबी लावा. सुलभाताईंसारखी मुळं जगवायची असतील तर जाड मुळं काढून अर्धवट ओल्या वाळूत, गोठणार नाही अशा खोलीत ठेवा आणि मार्चमध्ये कुंडीत लावा. माझी तीनातली एक जगली होती, ती बियांच्या रोपांपेक्षा दोन आठवडे आधी फुलली.

बी ठेवायचं तर वेलीवरच वाळून खुळखुळणाऱ्या शेंगा घ्या. शेजारी दुसरी जात असेल तर भुंग्यांमुळे मिसळण होते हे धरून चाला. मी आजींच्या बियांचं खोपट परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवते. आजी तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्याकडे ते बी कुठून आलं ते विचारायचं राहिलं.

कामतांची_लेक, ६ ऑक्टोबर

आणि वाल? जुलैपासून थांबलोय आम्ही.

जाईजुई, ६ ऑक्टोबर

लिहिणारच होते. १० जुलैपासून रोज सहाला पेटी घातली. दोन दिवस चुकले, तेव्हा मुलाला ताप होता. २४ ऑगस्टला पहिला तुरा दिसला, जांभळट पांढरा. मी कुंडी घरात आणली. मग पेटीची गरज पडली नाही, रात्री आपोआप मोठ्या होत होत्या.

काल तोडल्या. अकरा शेंगा. वास हाताला अजून आहे. पोपटीपुरत्या नाहीत, म्हणून सोलून दाणे रनरच्या भाजीत घातले आणि आईला व्हिडिओवर कढई दाखवली. तिने विचारलं, पाला कुठला घातलास?

रेवदंडा, ६ ऑक्टोबर

ताई, दोन शेंगा बियांना ठेवल्यात ना?

जाईजुई, ६ ऑक्टोबर

तीन ठेवल्या आहेत. खिडकीत वाळताहेत.